कौटुंबिक ट्रस्ट : कोणाला उपयोगाचा, कोणाला नाही

मागील अंकात मृत्युपत्राविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत 'मृत्युपत्राऐवजी ट्रस्टच करून टाकावा का' असे विचारले आहे. मिळकत ट्रस्टमध्ये टाकली की ती कराच्या, कर्जाच्या आणि भावकीच्या भांडणाच्या बाहेर जाते, आपल्या हातातून मात्र जात नाही, अशी समजूत त्यांतील अनेक पत्रांतून दिसते. अशी सोय कायद्यात कोठेही नाही. खाजगी ट्रस्ट १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याखाली होतो. त्या कायद्यानुसार मिळकतीची मालकी विश्वस्तांकडे सोपवावी लागते आणि विश्वस्तांनी ती लाभार्थ्यांच्या भल्यासाठी सांभाळायची असते. ज्याला मिळकत खरोखर सोडायची आहे त्यालाच ट्रस्टचे संरक्षण मिळते. ज्याला ती सोडल्याचे फक्त दाखवायचे आहे त्याला न्यायालयात ते मिळत नाही. या वेळी निवडलेल्या पत्रांतील ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न (सीताबर्डी) : कुटुंबासाठी ट्रस्ट करायचा असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करावी लागते का? उत्पन्नाचा काही भाग आमच्या मूळ गावच्या वाचनालयालाही द्यावा, अशी इच्छा आहे.

उत्तर : लागत नाही. धर्मादाय आयुक्तांचा संबंध सार्वजनिक ट्रस्टशी, म्हणजे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली येणाऱ्या संस्थांशी असतो. ज्याचे लाभार्थी ठरावीक, ओळखता येणाऱ्या व्यक्ती आहेत असा कौटुंबिक ट्रस्ट त्यात मोडत नाही. त्यात घर, प्लॉट किंवा जमीन येणार असेल तर ट्रस्टचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. मृत्युपत्रातून केलेला ट्रस्ट याला अपवाद आहे. केवळ रोख रक्कम, ठेवी किंवा शेअर असतील तर नोंदणीची सक्ती नाही. तरीही ती करून घ्यावी, कारण पुढे दस्ताच्या खरेपणाविषयी वाद झाला तर नोंदणी कामी येते.

वाचनालयाची इच्छा चांगली आहे, पण ती याच ट्रस्टमध्ये मिसळू नये. कुटुंब आणि लोकोपयोगी काम एकाच दस्तात आले की प्राप्तिकराच्या बाजूनेही गुंतागुंत होते आणि धर्मादाय कार्यालयाच्या बाजूनेही. वाचनालयाची संस्था नोंदणीकृत असेल तर आपल्या हयातीत दरवर्षी देणगी द्यावी आणि मृत्युपत्रात एक रक्कम ठेवावी. एवढ्याने आपला हेतू साधतो. स्वतःचा वेगळा सार्वजनिक ट्रस्ट काढण्याची हौस असेल तर दरवर्षीचे लेखापरीक्षण करावे लागेल आणि स्थावर मिळकत विकताना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल, हे आधी लक्षात घ्यावे.

प्रश्न (धरमपेठ) : मी ६८ वर्षांचा आणि पत्नी ६६ वर्षांची. आम्ही दोघेही राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालो. मुलगा ३४ वर्षांचा असून त्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. स्वतःची आन्हिके तो करतो, पण पैशाचा व्यवहार त्याला समजत नाही. मुलगी पुण्यात नोकरी करते. नागपूर सुधार प्रन्यास या शहर विकास संस्थेच्या लीजच्या प्लॉटवरील घर आम्हा दोघांच्या नावे आहे, शिवाय ठेवी आणि म्युच्युअल फंड आहेत. मुलगी म्हणते, सगळे माझ्या नावे करा, मी त्याला कधीच अंतर देणार नाही. तिच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. तरी ट्रस्ट करावा का?

उत्तर : करावा. या वेळच्या पत्रांपैकी ज्यांना ट्रस्टची खरी गरज आहे ते आपणच, म्हणून सविस्तर लिहितो.

मुलीच्या शब्दावर शंका घेण्याचे कारण नाही. अडचण तिच्या मनाची नाही, मालकीची आहे. मिळकत तिच्या नावे झाली की कायद्याच्या दृष्टीने ती सर्वस्वी तिची होते. तिच्यावर कर्ज झाले, तिच्या संसारात वाद उभा राहिला किंवा भावाच्या आधी तीच गेली, तर ती मिळकत तिच्या धनकोंच्या, वादाच्या किंवा तिच्या वारसांच्या वाटेने जाईल, आणि त्या वेळी भावासाठी ठेवलेला भाग कोणता हे कागदावर कोठेही नसेल. उलट मुलाच्याच नावे थेट ठेवले तर सही कोणी करायची हा प्रश्न येतो आणि त्याला फसवणेही सोपे होते. मिळकत ज्याच्यासाठी आहे त्याला ती स्वतः हाताळता येत नाही, अशा परिस्थितीसाठीच ट्रस्ट आहे.

आधी पालकत्वाचे पाहा, कारण पुष्कळ आईवडिलांच्या ध्यानात ही गोष्ट येत नाही. मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्याने त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. या समितीवर जिल्हाधिकारी असतात. आपण दोघांनी आताच पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी आणि आपल्यानंतर कोण, हेही समितीपुढे लेखी मांडून ठेवावे. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत पाल्याच्या मिळकतीची यादी द्यायची असते आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा असतो. हे ओझे वाटेल, पण मुलाचे रक्षण त्यातच आहे.

पालकाने माणूस सांभाळायचा आणि विश्वस्ताने पैसा. ही दोन कामे शक्यतो एकाच व्यक्तीकडे एकवटू नयेत. मुलगी पालक झाली तर विश्वस्तांत ती असू द्या, पण एकटी नको. तीन विश्वस्त असावेत : मुलगी, आपल्याहून एक पिढी लहान असलेला नात्यातील किंवा मैत्रीतील विश्वासू माणूस, आणि हिशेबाची जाण असलेली एखादी व्यावसायिक व्यक्ती. आपल्या वयाचा जिवलग मित्र ही भावनेच्या दृष्टीने योग्य निवड असली तरी मुलगा साठीचा होईल तेव्हा तो मित्र नव्वदीच्या पुढे असेल. एखादा विश्वस्त वारला, परदेशी गेला किंवा त्याने काम सोडले तर नवा कोणी नेमायचा, हे दस्तातच लिहा. दस्तात वेगळे काही नसेल तर सर्व विश्वस्तांनी मिळूनच प्रत्येक कृती करावी लागते, त्यामुळे 'बहुमताने निर्णय' हे वाक्य विसरू नये. नाही तर एका विश्वस्ताच्या आजारपणात महिन्याचा खर्च अडून राहतो.

मुलाच्या पश्चात उरलेली मिळकत कोणाला, हेही ठरवावे लागेल. ती मुलीला किंवा तिच्या मुलांना द्यायची असेल तर द्या, त्यात गैर काही नाही. मात्र शिल्लक ज्याला मिळणार आहे, त्याच्या एकट्याच्या हाती दरमहाच्या खर्चाची कात्री देऊ नये. चांगल्या माणसालाही मोहात टाकणारी रचना करू नये, एवढाच त्यामागचा विचार. उरलेली रक्कम एखाद्या निवासी संस्थेला द्यायची ठरवली आणि मुलगा त्याच संस्थेत राहणार असेल, तर तेथेही हीच काळजी घ्यावी.

रकमेचा हिशेब भावनेने करू नका. समजा, आज मुलाचा सर्व मिळून खर्च महिन्याला ४०,००० रुपये आहे. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर सुमारे बारा वर्षांत तोच खर्च ८०,००० होतो आणि चोवीस वर्षांत १,६०,०००. तेव्हा मुलगा ५८ वर्षांचा असेल आणि त्याला आजच्यापेक्षा जास्त मदतीची गरज असेल. म्हणून सगळी रक्कम बँकेच्या मुदत ठेवीत ठेवण्याची सक्ती दस्तात करू नये; काही भाग वाढीच्या गुंतवणुकीत ठेवण्याची मुभा विश्वस्तांना स्पष्ट शब्दांत द्यावी.

आता घर. हयातीत घर ट्रस्टला दिले तर त्या दस्तावर मुद्रांक शुल्क खरेदीखताच्या दराने पडते आणि नागपुरात मेट्रोचा अधिभारही त्यात येतो. राहते घर मुलगा, मुलगी, नातू यांना बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये असते, ही सवलत आपण ऐकली असेल. पण ती नमूद केलेल्या नातेवाइकांना दिलेल्या बक्षीसपत्रासाठी आहे, त्यांच्यासाठी काढलेल्या ट्रस्टला ती आपोआप लागू होत नाही. शिवाय लीजच्या प्लॉटच्या हस्तांतरणाला सुधार प्रन्यासाची परवानगी लागते. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. त्यामुळे आपण आत्ता लहान रकमेने ट्रस्ट स्थापन करावा, त्याचा पॅन आणि बँक खाते काढावे, आणि त्यात दरवर्षी थोडी रक्कम बँकेमार्फत जमा करून तो आपल्या डोळ्यांदेखत चालू ठेवावा. घर आणि उरलेल्या ठेवी मात्र मृत्युपत्राने या ट्रस्टला द्याव्यात. घर दोघांचे आहे, म्हणून मृत्युपत्रे दोन, स्वतंत्र, आणि प्रत्येकावर दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदार लाभार्थी नसावेत. नागपुरात हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे न्यायालयाचे प्रमाणपत्र, घेण्याची सक्ती नाही, पण लीजच्या नोंदीत नाव बदलताना सुधार प्रन्यास कोणते कागद मागते, ते तेथे जाऊन आधी विचारून ठेवा.

आयुष्यभराच्या शिदोरीपैकी एक भाग आपण दोघांनी नोकरीतून आधीच मिळवून ठेवला आहे. निवृत्तिवेतनधारकाच्या, स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आजीव मिळू शकते. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पालकाचे नाव आपल्या हयातीतच कार्यालयाच्या नोंदीत घालून घ्या. आईवडिलांच्या पश्चात हे कागद जमवणे फार कष्टाचे होते. तसेच बँक खात्यांवर आणि फंडांवर मुलाचे एकट्याचे नामांकन असेल तर ते बदला, कारण पालकाची नेमणूक झालेली नसेल तर बँकेला त्याच्या हाती रक्कम देता येणार नाही.

प्राप्तिकराचे थोडक्यात सांगतो. ट्रस्टचे उत्पन्न दरवर्षी संपूर्णपणे मुलाचेच, असे दस्तात निश्चित असेल तर कर त्याच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे लागतो. 'विश्वस्तांना योग्य वाटेल त्याला योग्य वाटेल तितके' असे लिहिले की उत्पन्नावर सर्वोच्च दराने कर बसतो. मृत्युपत्रातून निर्माण झालेल्या एकमेव ट्रस्टला काही अटींवर यातून सूट आहे. ही ओळ सनदी लेखापालाकडून तपासून घेतल्याशिवाय दस्तावर सही करू नका.

शेवटी एक पत्र लिहा. कायद्याने ते बंधनकारक नसते, पण विश्वस्तांना त्याचा फार उपयोग होतो. मुलाला सकाळी उठल्यावर काय लागते, कोणते औषध कशाबरोबर देता, दिवाळीत फटाक्यांचा आवाज त्याला सहन होतो की नाही, कोणाच्या घरी तो रमतो, रागावला तर कशाने शांत होतो, हे सगळे त्यात असावे. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला ते नव्याने लिहावे. वकिलाला हे लिहिता येत नाही.

प्रश्न (हिंगणा औद्योगिक वसाहत) : माझ्या कंपनीच्या कर्जाला मी वैयक्तिक हमी दिली आहे. धंदा सध्या मंद आहे, हप्ते मागेपुढे होत आहेत. राहता फ्लॅट पत्नी आणि मुलांसाठी ट्रस्टमध्ये टाकला तर बँक त्याला हात लावू शकणार नाही, असे एका सल्लागाराने सांगितले. खरे आहे का?

उत्तर : नाही. आपण ज्या वेळी हे करू पाहता, त्या वेळेनेच हे खोटे ठरते. धनकोंना बुडवण्यासाठी किंवा त्यांची वसुली लांबवण्यासाठी केलेले स्थावर मिळकतीचे हस्तांतरण, बाधित धनकोच्या मागणीवरून रद्द करता येते, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५३ सांगते. हप्ते थकू लागल्यावर, कोणताही मोबदला न घेता, घरच्याच माणसांच्या लाभासाठी केलेला ट्रस्ट पाहून न्यायालयाला हेतूविषयी फारसा प्रश्न पडत नाही. कंपनीच्या कर्जाला हमी देणाऱ्यांवरील दिवाळखोरी प्रक्रिया १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली आहे, आणि दिवाळखोरीच्या अर्जापूर्वीच्या दोन वर्षांतील, किमतीपेक्षा कमी मोबदल्यात केलेले व्यवहार तीत तपासले जातात. हमी देताना आपण बँकेला मिळकतींचे विवरण दिले असेल आणि त्यात हा फ्लॅट असेल, तर ट्रस्टचा दस्त नोंदवणे म्हणजे बँकेच्या हाती पुरावा देण्यासारखे होईल.

सल्लागाराचे म्हणणे एका वेगळ्या परिस्थितीत खरे असते. कर्ज नसताना किंवा सर्व देणी फेडण्याची ऐपत शाबूत असताना, कायमचा, मागे न घेता येणारा ट्रस्ट केला आणि त्यावरचा स्वतःचा ताबा खरोखर सोडला, तर पुढील काळात उद्भवलेल्या कर्जापासून ती मिळकत सामान्यतः दूर राहते. हमीवर सही करण्याआधी काही वर्षे हा विचार व्हायला हवा होता. आता आपण बँकेशी थेट बोलावे. फेररचना किंवा एकरकमी तडजोड यांत जे पदरात पडेल ते नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे अनेक वर्षे घालवून मिळेलच असे नाही.

एक गोष्ट मात्र आजही करता येईल आणि ती स्वस्त आहे. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर नवी विमा पॉलिसी घेताना ती पत्नी किंवा मुलांच्या लाभासाठी आहे असे पॉलिसीवरच नमूद केले, तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याच्या कलम ६ नुसार तीच एक ट्रस्ट होते. तिची रक्कम पत्नी-मुलांची राहते, पतीच्या धनकोंची नाही. अट एवढीच की धनकोंना फसवण्यासाठी हप्ते भरलेले नसावेत. साध्या मुदत विम्याचा परवडणारा हप्ता ही बाब सहसा वादात येत नाही. हे कलम पॉलिसी घेतानाच लावून घ्यावे, जुन्या पॉलिसीवर मागाहून लावता येत नाही. धंद्यात असलेल्या प्रत्येक वाचकाने, कर्ज असो वा नसो, हे करायला हवे; एजंट आपणहून क्वचितच सांगतात.

प्रश्न (काटोल; कुटुंब नागपुरात महाल भागात) : आमची संत्र्याची बाग आणि महालातील वाडा वडिलोपार्जित आहे. वडील सध्या ८१ वर्षांचे आहेत. जमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून सर्व मिळकतीचा कायमचा ट्रस्ट करावा, आम्ही दोघे भाऊ विश्वस्त असावे आणि बहिणींना उत्पन्नातून काही द्यावे, असा त्यांचा विचार आहे. कसे करावे?

उत्तर : ज्या स्वरूपात लिहिले आहे त्या स्वरूपात करू नये, कारण ते टिकणार नाही.

पहिला प्रश्न असा की ही मिळकत वडिलांची एकट्याची आहे का. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकत कर्त्याला आपल्या मर्जीने दान करता येत नाही. धर्मकार्यासाठी किंवा मुलीच्या विवाहप्रसंगी वाजवी अंश देण्यापलीकडे त्याचा अधिकार जात नाही, आणि ट्रस्टला देणे हेही एक प्रकारचे देणेच आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायकाचा (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील वाटेकऱ्याचा) हक्क दिला, केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर लागू केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो हक्क जन्माने मिळतो, त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे स्पष्ट केले. त्यामुळे मिळकत खरोखर सहदायकीची असेल तर बहिणींचा वाटा आपल्याइतकाच आहे. 'उत्पन्नातून काही' हा त्यांच्यावरचा उपकार होऊ शकत नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयीन हुकूमनाम्याने वाटणी झाली असेल तरच चित्र बदलते.

पण 'वडिलोपार्जित' हा शब्द आपल्याकडे सैलपणे वापरला जातो, म्हणून जुने कागद काढून बघा. बाग आजोबांच्या स्वकष्टार्जित पैशातून आली असेल आणि ते १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मृत्युपत्र न करता वारले असतील, तर वडिलांना वारसाने मिळालेला हिस्सा सामान्यतः त्यांचा स्वतंत्र मानला जातो आणि त्याची विल्हेवाट ते हवी तशी लावू शकतात. सातबारा पुरेसा नाही. फेरफारांची साखळी, जुना अधिकार अभिलेख आणि वाड्याचे खरेदीचे मूळ कागद एकत्र लावून वकिलाकडून निष्कर्ष लेखी घ्या. या एका निष्कर्षावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

दुसरी अडचण 'कायमचा' या शब्दात आहे. सार्वजनिक ट्रस्ट कायमचा असू शकतो, खाजगी नाही. सध्या हयात असलेल्या व्यक्तींचे आयुष्य आणि ते संपेपर्यंत जन्मलेल्या लाभार्थ्याचे त्यापुढील अज्ञानपण, म्हणजे फार तर अठरा वर्षे, एवढ्या मर्यादेत मिळकत कोणाच्या तरी मालकीत निहित व्हावीच लागते. पणतू-खापरपणतूंपर्यंत बाग अविभाज्य ठेवण्याची वडिलांची इच्छा समजण्यासारखी असली तरी कायदा मृत माणसाचा हात इतका लांब पोहोचू देत नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

तिसरी बाब शेतजमिनीची. विदर्भात शेतजमीन शेतकरी नसलेल्याकडे हस्तांतरित करण्यावर १९५८ च्या विदर्भ कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याची बंधने आहेत. जमीन भोगवटादार वर्ग २ ची (हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली) असेल तर परवानगीची आणखी एक पायरी येते. नोकरीसाठी शहरात राहणारा, शेतकरी नसलेला विश्वस्त नेमला तर फेरफार मंजूर होतानाच वाद निघू शकतो. शेती ट्रस्टमध्ये नेण्याचा आग्रह मी सहसा धरत नाही.

वडील हयात आहेत हीच सर्वात मोठी जमेची बाजू आहे. त्यांच्यासमोर चारही भावंडांनी, किंवा जितकी असतील त्या सर्वांनी, बसून आधी हिस्से ठरवावेत. ज्या बहिणींना शेती करायची नाही त्यांना वाड्यातील हिस्सा किंवा रक्कम देऊन बाग कसणाऱ्याकडे राहील अशी तडजोड होऊ शकते. तिचे वाटणीपत्र नोंदवावे आणि महसूल दप्तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घ्यावे. बागेचे तुकडे न पाडता एकत्र कसण्याचा करार त्यानंतरही करता येतो. बहिणी आनंदाने हक्क सोडत असतील तर तो नोंदणीकृत दस्ताने सोडू द्या, परंतु राखीच्या दिवशी कोऱ्या कागदावर सह्या घेण्याचा मार्ग पत्करू नका. त्याचे दावे दिवाणी न्यायालयात पंधरा-वीस वर्षे चालतात.

प्रश्न (वर्धा रोड) : ट्रस्टमुळे प्राप्तिकर वाचतो का? आणि वारसा कर येणार असे ऐकतो, त्याआधी करून ठेवावा का?

उत्तर : भारतात आज वारसा कर नाही. १९५३ चा मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला. केवळ अफवेपोटी आजच मालकी सोडून देणे शहाणपणाचे नाही. नातेवाइकांच्या लाभासाठीच केलेल्या ट्रस्टला मिळकत देताना बहुतेक वेळा कर लागत नाही, हे खरे. पण त्यापुढील उत्पन्नावर कर लागतोच आणि लाभार्थ्यांचे हिस्से अनिश्चित असतील तर तो सर्वोच्च दराने लागतो. मागे घेता येणारा ट्रस्ट केलात तर उत्पन्न आपल्याच नावावर धरले जाते. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असल्याने जुन्या दस्तांतील कलमांचे उल्लेखही तपासून घ्यावे लागतील. केवळ कर वाचवण्यासाठी ट्रस्ट करू नये.

प्रश्न (प्रतापनगर) : माझे यजमान चार वर्षांपूर्वी वारले. मृत्युपत्रात त्यांनी आमच्या मुलासाठी ट्रस्ट केला असून विश्वस्त माझे मोठे दीर आहेत. मुलगा आता १५ वर्षांचा आहे. फी मागितली की भाऊजी देतात, पण हिशेब विचारला की 'तुमचा माझ्यावर विश्वास नाही का' असे म्हणतात. त्यातील एक प्लॉट त्यांनी स्वतःच घेतल्याचे कानावर आले आहे. नाते न तोडता काय करता येईल?

उत्तर : आपल्या पत्रातील संकोच कळतो, पण हिशेब मागणे हा अविश्वास नाही. विश्वस्ताने अचूक हिशेब ठेवावेत आणि लाभार्थ्याला मागणी केल्यावर माहिती द्यावी, असे कायदाच सांगतो. ट्रस्टचा दस्त आणि हिशेब पाहण्याचा व त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क मुलाचा आहे आणि तो अज्ञान असल्याने त्याच्या वतीने आई म्हणून आपण तो बजावू शकता. मुलाच्या शिक्षणासाठी खर्च करण्याचा अधिकार विश्वस्ताला आहे, म्हणजे फी देऊन ते मेहेरबानी करीत नाहीत.

प्लॉटची गोष्ट खरी असेल तर ती गंभीर आहे. ट्रस्टची मिळकत विकण्याचे काम ज्याच्याकडे आहे त्या विश्वस्ताने ती स्वतःसाठी, थेट किंवा दुसऱ्याच्या नावे, घ्यायची नसते. किंमत वाजवी दिली तरीही. ऐकीव गोष्टीवर मात्र बोलू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून सूची क्रमांक २ काढा, तीत खरेदीदाराचे नाव आणि मोबदला दिसतो. ती रक्कम ट्रस्टच्या खात्यात जमा झाली का, हा पुढचा प्रश्न.

पहिले पाऊल सौम्य असावे. यजमानांच्या मृत्यूपासून आजपर्यंतचा जमाखर्च, बँक उतारे आणि मिळकतींची यादी मागणारे साधे पत्र पोचपावतीच्या टपालाने पाठवा. मुलाच्या प्रवेशासाठी आणि कर विवरणासाठी कागद हवे आहेत, एवढेच कारण लिहा; ते खरेही आहे. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घालून, दिरांबरोबर दुसरा विश्वस्त म्हणून सनदी लेखापाल नेमण्याचा प्रस्ताव ठेवा. पुष्कळदा हिशेब न ठेवणारा माणूस अप्रामाणिक नसतो, त्याला ते काम जमत नसते, आणि सोबत कोणी मिळाले की तोही सुटकेचा श्वास टाकतो.

महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा सूचीत दिरांचेच नाव निघाले, तर जिल्हा न्यायालयात नवा विश्वस्त नेमण्यासाठी अर्ज करता येतो आणि झालेले नुकसान विश्वस्ताकडून भरून मागता येते. चार वर्षे गेली म्हणून हक्क गेला असे समजू नका. विश्वस्ताकडून ट्रस्टची मिळकत परत मागण्याच्या किंवा हिशेबाच्या दाव्याला मुदत कायद्याच्या कलम १० नुसार मुदतीची आडकाठी नाही. जुने बँक उतारे मात्र बँका अनिश्चित काळ ठेवत नाहीत, त्यामुळे पत्र याच महिन्यात टाका.